चुन्यामागचा माणूस

रॉसकील, ११ जून १९५६

हनोरा,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, आधी बस कुठेतरी. आपल्या चॅपेलच्या पांढऱ्या भिंतीत माणूस सापडलाय. मेलेला नाही. दगडाचा.

थांब, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तू म्हणशील, डीलिया एरवी तोंड उघडत नाही आणि लिहायला बसली की कशाचा कशाला मेळ नाही. यंदा भिंतीला चुना द्यायची पाळी फेस्टीची होती, कारण गावात शेवटचं लग्न त्याचंच. आता फेस्टीने दिलेला चुना म्हणजे कसा असणार. जुना थर खरवडलाच नाही त्याने, वरून ताक ओतल्यासारखं ओतलं. त्याची केट खाली शिडी धरून ओरडत होती, "अरे भिंतीला दे, स्वतःला काय देतोस." बायका तर पोट धरून हसत होत्या.

परवा मी बकरी शोधत चॅपेलपाशी गेले. समुद्राकडच्या बाजूने चुन्याचा एक पोपडा सुटून लोंबत होता, चांगला पावाएवढा. मी आपलं बोट घातलं. तू असतीस तर तूही घातलं असतंस. पोपडा खाली पडला आणि आत एक डोळा.

मला वाटलं गोगलगाय आहे. हात लावला तर दगड.

आपल्याकडे एक मिस्टर हॅनरहन उतरलेत, डब्लिनचे, किनाऱ्यावरचे जुने दगड मोजत फिरतात. तुझ्या खोलीत झोपतात. मी त्यांच्याशी तोवर एक शब्द बोलले नव्हते, चहा ठेवायचा आणि पळायचं. त्या दिवशी पळाले नाही, टेबलापाशी उभी राहिले. ते म्हणाले, "काय गं?" माझ्या तोंडातून काही निघेना. शेवटी मी त्यांची बाही धरून ओढली. अंडं अर्धं टाकून आले ते. भिंतीसमोर आले आणि खाली गवतात बसलेच. मग म्हणाले, "बाराशे वर्षं. तेराशेसुद्धा असतील."

दोन दिवस ते लाकडी सुरीने आणि दाढीच्या ब्रशने चुना काढतायत. आता दोन्ही डोळे दिसतात, नाक दिसतं, आणि कान. कान थेट फेस्टीचे, बाहेर आलेले. आख्खं गाव दिवसभर तिथेच. म्हातारा शोनीन म्हणतो, हा संत इमरच, ज्याने चॅपेल बांधलं तो, आणि नाक आपल्या घराण्याचं आहे. त्यावरून भांडण लागलंय. प्रत्येक घर म्हणतं नाक आमचं. कान कोणी मागत नाही.

मला झोप येत नाही, इतका आनंद झालाय.

तुझी,
डीलिया

—

लीड्स, १८ जून

डीलिये,

बसूनच वाचलं. लाँड्रीत बसायला मिळतं कुठे, तर धुवायच्या चादरींच्या ढिगावर. मुकादमीण म्हणाली, काय राणीसाहेब, वाचन चाललंय का? मी म्हटलं, आमच्याकडे एक संत निघालाय. ती म्हणाली, त्याला म्हण इस्त्रीला ये.

आता खरं सांग. तुझ्या पत्रात मिस्टर हॅनरहन किती वेळा आलेत ते मी बघितलं. लग्न झालंय का त्यांचं? वय काय? तू कोणाची बाही ओढलीस हे वाचून मी दोनदा डोळे चोळले. तुला शाळेतून काढलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, ही बोलतच नाही तर हिला शिकवायचं काय, आणि आता बघा बाई. मला काही कळत नाही असं समजू नकोस. माणूस एका दगडाबद्दल इतकं लिहीत नाही.

पण एक विचारते. चुना काढतायत म्हणजे किती काढतायत? नुसत्या तोंडापुरता ना? बाबांना विचारलं का? लहानपणी बाबांनी मला एकदाच होडीत नेलं होतं. परत येताना एका बाजूला गायीचा खडक आणि दुसऱ्या बाजूला वासराचा, दोन्हींवर लाटा फुटत होत्या, आणि मी डोळे मिटून घेतले होते. बाबा म्हणाले, "मिटू नकोस, बघ. पांढरी भिंत शाळेच्या धुरांड्याच्या बरोबर खाली आली की मधोमध सरळ आत." शाळेचा मला झालेला फायदा तेवढाच.

आईच्या हातांना कसं वाटतं? मलम पाठवते.

हनोरा

—

रॉसकील, २९ जून

हनोरा,

मिस्टर हॅनरहन पंचेचाळिशीचे आहेत आणि झोपेत घोरतात. तुझ्या डोक्यात भलतंच काहीतरी भरलंय, ते काढून टाक. मला तो दगडाचाच आवडतो.

आता तो पूर्ण दिसतो. गुडघ्यापर्यंत झगा आहे आणि दोन्ही हात वर केलेत, तळवे आपल्याकडे. आई म्हणते तो आशीर्वाद देतोय. शोनीन म्हणतो, प्रार्थना करतोय, तेव्हाचे लोक अशीच करायचे. फेस्टी म्हणतो, तो ओरडतोय, "अरे इकडून नको, तिकडून या." मी रोज सकाळी बकऱ्या सोडायच्या आधी त्याला बघून येते. पावसात ओला झाला की जिवंत वाटतो.

तू विचारलंस ते. सगळाच काढला गं चुना. आणखी काही कोरलेलं असेल म्हणून मिस्टर हॅनरहननी वरपासून खालपर्यंत भिंत उघडी करायला मागितली. त्यांनी बाबांना नीट विचारलं होतं. बाबाच म्हणाले, "काढा की. उन्हाळा आहे, सगळं दिसतं. आणि आमच्या होड्यांना डोळे बांधले तरी वाट माहितीये." सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या. कोण म्हणणार की मला माहिती नाही? तेव्हा मला वाटलं, बाबा किती मोठ्या मनाचे.

आता भिंत मागच्या डोंगराच्याच रंगाची झालीये. उभी असूनही नसल्यासारखी. मंगळवारी पाऊस भुरभुरत होता तेव्हा फेस्टीची होडी वासराला घासली. तळाच्या सांगाड्यावर ताणलेलं डांबराचं कापड हातभर फाटलं. केटला कळू दिलं नाही, ती पोटुशी आहे. मी सकाळी होडीवाल्यांना ते शिवताना बघितलं. फेस्टी म्हणाला, "तू काही बघितलं नाहीस, काय? तशीही तू बोलत नाहीस म्हणा."

चुना परत द्यायचा म्हटलं तर मिस्टर हॅनरहन म्हणतात, डब्लिनच्या ऑफिसला लिहिलंय, तिथून उत्तर येईपर्यंत भिंतीला ब्रश लागता कामा नये. एवढी जुनी गोष्ट पुन्हा झाकायची म्हणजे पाप आहे. तेही खरंच वाटतं मला. आणि पुढच्या आठवड्यात बांगडा येईल, तेव्हा होड्या लांब जाणार.

बाबा मला काही म्हणत नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. तो डोळा मी दाखवला ना.

डीलिया

—

लीड्स, ५ जुलै

डीलिये,

तोंड पाडून बसू नकोस. तू बोट घातलंस, भिंत काही तू सोलली नाहीस. ती बाबांनी सोलू दिली, आणि का दिली ते मला बरोबर माहितीये. पाहुण्यासमोर कोणी विचारलं की रॉसकीलचा माणूस म्हणणार मला सगळं येतं.

तुझ्या संताचं ध्यान मी रात्रपाळीच्या पोरींना करून दाखवलं, हात वर करून. एक म्हणाली, हा तर बस थांबवतोय.

पांढरं पाहिजे ना? मग चादर लाव त्याला. माझ्याकडे त्याचाच बाजार आहे. दोन मोठ्या चादरी बाद झाल्यात, मधे विरल्यात म्हणून, मुकादमीण म्हणाली घेऊन जा. चहाच्या पुड्या आणि मलम त्यांच्यातच गुंडाळून पाठवते. आईला म्हणावं, मधून कापून कडा मधे घेऊन शिव, अजून चार वर्षं जातील. नाहीतर दे संताला झगा म्हणून.

मलाही एक सांगायचंय, पण पुढच्या वेळी.

हनोरा

—

लीड्स, ८ जुलै

डीलिया,

घाईत लिहिते. चादर लावू नकोस. मी गंमत केली होती गं. आज इस्त्री करताना एकदम आठवलं आणि हात भाजला. होड्या बाहेर असताना गावात कोणी गेलं तर होड्यांना कळावं म्हणून त्याच भिंतीवर चादर टाकतात. पांढऱ्यावर पांढरी, म्हणून मधोमध काळी शाल बांधतात. आजोबा गेले तेव्हा टाकली होती, तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. त्यानंतर जे गेले ते सगळे हिवाळ्यात गेले. बाबांनी चादर बघितली तर त्यांना वाटेल आई गेली. आईच्या हातात हे पत्र देऊ नकोस.

ह.

—

रॉसकील, १४ जुलै

हनोरा,

तुझं दुसरं पत्र काल आलं. उशीर झाला. आता बस, आणि हसायचं की रडायचं ते शेवटी ठरव.

मंगळवारी होड्या पहाटेच गेल्या, तिन्ही. ऊन होतं. बायका डोंगरावर जळणासाठी वाळत घातलेल्या पीटच्या विटा उलटवायला गेल्या. खाली मी, शोनीन आणि मिस्टर हॅनरहन. दुपारी समुद्रावरून धुकं आलं. दाट नाही, पातळ, दुधात पाणी घातल्यासारखं. धक्क्यावरून बघितलं तर गाय अर्धी दिसत होती, वासरू नाहीच. आणि मागे वळून भिंत बघितली तर ती कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं.

मग दिसलं की गायीचं डोकं पांढरं आहे. पाखरांनी घाण करून पांढरं केलंय. त्या धुक्यात आख्ख्या रॉसकीलमध्ये पांढरं म्हणून तेवढंच.

मी घरी पळाले आणि तुझ्या चादरी काढल्या. आईने अजून कापल्या नव्हत्या. मिस्टर हॅनरहन फळीवर बसून चित्र काढत होते. मी म्हटलं, "उतरा." हो, मी म्हटलं. ते म्हणाले, "खिळा नको हं." मी म्हटलं, "दोरी." मग त्यांनी काही विचारलं नाही, मापाची दोरी सोडून दिली आणि शिडी धरली. मी वर चढले, दोन्ही चादरी टोकाला टोक बांधून शिखरावरून सोडल्या आणि खाली दगड बांधले. तुझ्या लाँड्रीचा निळा शिक्का बरोबर मधे आला. चादर त्याच्या तोंडावरून जाताना मला कसंतरी झालं. मी म्हटलं, इमरा, थोडा वेळ.

आणि डोंगरावरून किंकाळी आली.

मला कळेना काय झालं. बघते तर सगळ्या बायका खाली पळत येतायत, टोपल्या टाकून, केट पोट धरून सगळ्यात पुढे. "कोण गेलं? कोण गेलं?" मी शिडीवर. सगळ्या एकमेकींकडे बघतायत, कोण आहे कोण नाही. मग सगळ्यांना एकदमच सुचलं आणि सगळ्या शोनीनच्या घरात घुसल्या. तो चुलीपाशी बटाटा सोलत होता. त्याच्या भाचीने त्याला मिठी मारली, तर तो म्हणतो, "काय झालं? कोण गेलं?" ती म्हणाली, "तूच गेलास." तो म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

तेवढ्यात धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. हनोरा, तसा आवाज मी कधी ऐकला नाही. शर्यतीत मारतात तशी वल्ही मारत होते. पुढे बाबांची होडी, मागे दोन्ही, एका रेषेत, गाय आणि वासराच्या बरोबर मधून. कोणाच्याच डोक्यावर टोपी नव्हती.

बाबा धक्क्यावर चढले आणि आईकडे बघत उभेच राहिले. मग त्यांनी तिचे ते सुजलेले हात धरले, सगळ्यांसमोर. आई म्हणाली, "सोडा, दुखतंय." फेस्टी केटला बघून खाली बसला आणि म्हणाला, "मी रडत वल्हवलं, माहितीये?" ती म्हणाली, "मग रोज रड, लवकर घरी येशील." शोनीन काठी आपटत आला आणि म्हणाला, "माझ्याकडे बघू नका, मी अजून आहे."

कोणीतरी हसलं आणि मग सगळं गाव हसत सुटलं, थांबेना. पण बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "फेस्टी, सांग यांना." फेस्टी खाली बघत म्हणाला, "आम्ही गायीकडे चाललो होतो. मीच म्हणत होतो, ती बघा पांढरी भिंत. सरळ तिच्यावरच जात होतो. मग उजवीकडे चादर दिसली."

केटने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग हात तिथेच ठेवला.

मग भांडण. एक म्हणतो, आत्ताच्या आत्ता चुना कालवा. मिस्टर हॅनरहन म्हणतात, तुम्ही त्याला परत गाडणार. बाबा म्हणतात, "साहेब, तुमचं उत्तर येईपर्यंत होड्या उभ्या राहतात का?" आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, या दगडाला आणलं कोणी मधे. तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पण बघितलं.

मी म्हटलं, "त्याला सोडून बाकीच्याला द्या."

कोणाला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, मोठ्याने. "खिडकी सोडून भिंत रंगवतात ना, तशी. तो केवढासा आहे. समुद्रावरून कोणाला दिसणार?"

मला पळून जावंसं वाटलं. मग शोनीन भाचीला म्हणाला, "हिला बोलता येतं?"

मिस्टर हॅनरहन भिंतीकडे वळले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, वरच्या गावातल्या चॅपेलमध्ये असाच एक दगड आहे, उघडा. त्याला आता नाक नाही, डोळे नाहीत, पावसाने सगळं खाल्लं. "याचं नाक आहे, कारण तुमच्या खापरपणज्यांनी ते झाकलं." मग म्हणाले, "डब्लिनला मी कळवतो. ब्रश कुठाय?"

त्यांनी चुना उडू नये म्हणून त्याला तेलाचा कागद लावला, वरच्या दगडाच्या फटीत दगडी पाटी बसवून त्याला छोटंसं छप्परही केलं. बाकीचं फेस्टीने केलं, कारण पाळी अजून त्याचीच. या वेळी आधी खरवडलं. केट खाली उभी राहून जागा दाखवत होती. संध्याकाळी पुरुषांच्या डोक्यांवर परत टोप्या चढल्या आणि बाबांनी मला जेवताना बांगड्याचा मधला तुकडा वाढला. बोलले काही नाहीत. मी पण नाही. पुरे झालं होतं एका दिवसाला.

आता तुझं ते सांग, पुढच्या वेळचं.

डीलिया

—

लीड्स, २१ जुलै

डीलिये,

मी लाँड्रीत मोठ्याने वाचलं. मुकादमीणसुद्धा ढिगावर येऊन बसली. "मला कोणी सांगितलं नाही" हे आता इथे सगळ्या पोरी म्हणतात, उठता बसता.

तू गावासमोर बोललीस. मी तिथे नव्हते आणि हे मला आयुष्यभर सलणार. मास्तरांना कोणीतरी कळवा.

आता माझं. मी तुझ्यावर उगाच हॅनरहनचा आळ घेतला, कारण माझ्याच डोक्यात तेवढं एक होतं. त्याचं नाव विल्फ. बसवर तिकिटं फाडतो. माझ्यासारखाच रविवारची प्रार्थना चुकवतो, पण चुकवतो ती आपल्याच पंथाच्या चर्चची. ऑगस्टच्या शेवटी त्याला घेऊन येते, इमरच्या जत्रेला. लग्न तिथेच करायचं म्हणतो. बाबांना तू सांगशील का? तुला आता बोलता येतं.

आणि एक भीती आहे. वसंतात शेवटचं लग्न आमचंच ठरलं तर पाळी त्याची. त्याने जन्मात ब्रश धरलेला नाही. उंचीची पण त्याला भीती वाटते. वरच्या मजल्यावरची तिकिटं दुसऱ्याला फाडायला लावतो.

हनोरा

—

रॉसकील, १ ऑगस्ट

हनोरा,

सांगितलं. आई रडली आणि लगेच कोणती कोंबडी कापायची ते ठरवायला लागली. बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं झालं. मग दारातून म्हणाले, "चल, होडीत बस."

मला, हनोरा. मी कधीच गेले नव्हते, माहितीये ना. मी टोकाला बसले, जुनी गोणी पांघरून. गायीच्या पलीकडे गेलो तेव्हा मी इतकी खूश होते की गोणी घसरली तेही कळलं नाही. बाबांनी होडी वळवली आणि वल्ही हातात धरून थांबले. म्हणाले, "आता तू सांग."

समोर सगळा किनारा एकसारखा, करडा. आणि त्यात पांढरी भिंत, इतकी पांढरी की डोळ्यांवर येत होती. शाळेचं धुरांडं तिच्या डावीकडे होतं. मी म्हटलं, "अजून उजवीकडे." बाबांनी दोनदा वल्ही मारली. "अजून थोडं." भिंत सरकत सरकत धुरांड्याखाली आली, टोपीखाली चेहरा यावा तशी. "आता," मी म्हटलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि आमच्याखाली पाणी काळं आणि गप्प. मी डोळे उघडे ठेवले.

आत आल्यावर बाबांनी विचारलं, "तो दिसला का तुला तिथून?"

"नाही."

"मलाही नाही दिसत," ते म्हणाले. "पण हल्ली मी टोपी काढतो. फेस्टीला सांगू नकोस."

विल्फला म्हणावं वरून सुरुवात करायची, आधी खरवडायचं, आणि खाली बघायचं नाही. शिडी मी धरीन.

तुझी,
डीलिया